फायरिंगला उभं राहण्याआधी कान झाका

सातारा जिल्ह्याला बंदूक नवखी नाही. अपशिंगे मिलिटरीसारखी फौजींची गावं, एनसीसीची पोरं, बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन उभे राहणारे माजी सैनिक. यांच्यात रात्री कान वाजतात म्हणणारं कुणी ना कुणी भेटतंच, आणि ते वयावर ढकललं जातं, याचं फार वाईट वाटतं.

बारा बोअरचा बार १५० डेसिबलच्या वर जातो. १४० च्या पुढचा एकच बारसुद्धा आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या नाजूक केसपेशी कायमच्या मारू शकतो. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या जास्त जवळ, म्हणून बहुधा तोच आधी जातो.

कापसाचा बोळा उपयोगाचा नाही. फोमचा इअरप्लग बोटांत वळून वातीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा, फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा, अर्धा मिनिट तरी. बहुतेक प्लग बाहेरच दिसत असेल तर तो बसलेला नाही. काढून पुन्हा घाला. वरून इअरमफ, म्हणजे हेडफोनसारखं अख्खा कान झाकणारं कवच, चढवाच. चष्म्याच्या जाड काडीमुळे मफला फट राहते, आवाज तिथूनच शिरतो. शेजारचा गोळ्या झाडतोय तोवर काहीही काढायचं नाही.

नंतर दडा बसला तर कानात तेल घालू नका. दुसऱ्या दिवशीही कान वाजत असेल किंवा कमी ऐकू येत असेल, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. औषधं सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांतच जास्त लागू पडतात.