‘गहाळ’ लिहू देऊ नका : पोलीस ठाण्यात तक्रार कशी द्यावी

2011 सालचा उन्हाळा होता, लगीनसराईचे दिवस. एक म्हातारी आमच्या ठाण्यात आली. ठाणे अंमलदार म्हणून दिवसपाळीला मी बसले होते. एसटीत चढताना गर्दीत तिच्या गळ्यातली बोरमाळ गेली होती. मानेवर दोरा घासल्याची लाल रेघ अजून दिसत होती. ती म्हणाली, “बाई, मागनं कुणीतरी वढली गं.” मी स्टेशन डायरी पुढे घेतली आणि लिहिलं, “बस स्थानकात सोन्याची बोरमाळ गहाळ झाली.” चोरीचे आकडे वाढलेले साहेबांना नको होते आणि त्या आठवड्यातली ती चौथी माळ होती. तिला वाचता येत नव्हतं. मी दाखवलं तिथे तिने अंगठा उठवला आणि मलाच आशीर्वाद देऊन गेली.

चार महिन्यांनी शेजारच्या जिल्ह्यात एक टोळी सापडली. मुद्देमालात बोरमाळा होत्या. ज्यांचे गुन्हे दाखल होते त्यांना माळा ओळखायला बोलावलं. म्हातारीचा गुन्हाच नव्हता. गहाळ झालेल्या वस्तूला आरोपी नसतो, त्यामुळे तिला कुणी बोलावलं नाही. तिची माळ त्यात होती की नव्हती हे आता कधीच कळणार नाही. ते वाक्य माझ्या हातचं आहे.

1989 ला मी शिपाई म्हणून भरती झाले आणि 2023 ला सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. गल्लीतली माणसं अजून विचारायला येतात, “मॅडम, पोलिसांवर विश्वास ठेवायचा का?” मी सांगते, ठेवा, पण कागद हातात घेऊन ठेवा. नीट काम करणाऱ्या अंमलदाराला याचा राग येत नाही. उलट वरून दबाव आला तर त्याला “फिर्यादी ऐकत नाहीत” असं सांगता येतं. त्या दिवशी म्हातारीबरोबर “गहाळ नाही, चोरी लिहा” म्हणणारं एक माणूस असतं, तर मी चोरीच लिहिली असती.

1 जुलै 2024 पासून दंड प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. खालची कलमं याच नव्या संहितेची आहेत. वहीत उतरवून ठेवा.

ठाण्यात जाण्याआधी घरी बसून एका कागदावर लिहून काढा : काय घडलं, किती वाजता, नक्की कुठे, उजेड होता का, कोण हजर होतं. समोरचा जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा, शिवी असली तरी तशीच. “मला अर्वाच्य भाषेत बोलला” या वाक्यातून तपासाला काहीच मिळत नाही. वस्तू गेली असेल तर पावती शोधा, मोबाइलच्या खोक्यावरचा आयएमईआय नंबर (त्या मोबाइलचा ओळख क्रमांक) उतरवा. किमतीचा पुरावा फार महत्त्वाचा झाला आहे, कारण नव्या भारतीय न्याय संहितेत 5,000 रुपयांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र धरली आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. तीन वर्षांपूर्वी 12,000 ला घेतलेला मोबाइल काउंटरवर सहज “चार हजारांचा” होऊ शकतो.

आणि घडलं तेवढंच लिहा. भांडण थोरल्या भावाशी झालं असेल तर त्याची बायको, मेहुणा आणि गावात नसलेला मुलगा आरोपीत घालू नका. एक नाव खोटं निघालं की तपासी अंमलदाराचा उरलेल्या जबाबावरचाही विश्वास उडतो. खोटी खबर देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे तो वेगळाच.

काउंटरवर बसलेला असतो तो ठाणे अंमलदार. त्याच्या छातीवर नावाची पट्टी असते. ते नाव आणि पोहोचल्याची वेळ लिहून घ्या. वेळ का, तर प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बसवावेत आणि चित्रण 18 महिने जपावं असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2020 चा आदेश आहे. उद्या “ही बाई आलीच नव्हती” असं कुणी म्हटलं, तर नेमकी वेळ सांगून चित्रण मागता येतं. बाईने एकटीने जाऊ नये, सोबत दुसरी बाई असावी. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप असलेल्या दोन्ही पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने 1978 ला सोडलं. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी 1979 ला त्या निकालाविरुद्ध खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 ला बलात्काराचा कायदा बदलला. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्या भागातून आलेल्या एका सहकारी बाईने मला हे सांगितलं होतं. तिच्याकडच्या म्हाताऱ्या बायका ठाण्यासमोरून जाताना अजूनही रस्त्याची पलीकडची बाजू धरतात, असं ती म्हणायची. म्हणून आज तुम्हाला सांगते, लैंगिक गुन्ह्यात बाईची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहायची असते. तशी मागणी करायला लाजू नका.

आता मुख्य गोष्ट. काउंटरवर गुन्हा टाळायच्या चार रीती आहेत. चारही मी ऐकल्यात आणि दोन वापरल्यातही.

पहिली, “ही आमची हद्द नाही.” कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्याने घ्यायची असते. शून्य नंबरने नोंदवून मग ती योग्य ठाण्याला पाठवायची. तिला झिरो एफआयआर म्हणतात. पुण्याहून सोलापूरला जाताना गाडीत बॅग गेली तर “जिथे गेली तिथे जा” हे उत्तर चालत नाही.

दुसरी, “साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या.” साहेब नसताना ठाण्यात हजर असलेला, शिपायाच्या वरच्या हुद्द्याचा अंमलदार प्रभारी असतो. हवालदारालाही गुन्हा दाखल करता येतो, मी शेकड्याने केलेत.

तिसरी रीत सगळ्यात सभ्य, म्हणून तिच्यात सगळे फसतात. “एक तक्रार अर्ज लिहून द्या, चौकशी करतो.” अर्ज बारनिशीत, म्हणजे आवक-जावक वहीत जातो, आवक क्रमांक पडतो आणि तिथेच राहतो. अर्ज म्हणजे फिर्याद नव्हे; गुन्हा दाखल होतो तो फिर्यादीवरून. तेव्हा शांतपणे म्हणायचं, “साहेब, मला अर्ज द्यायचा नाही, फिर्याद द्यायची आहे.” या एका वाक्याने काउंटरवरच्या माणसाची बसायची पद्धत बदलते, हे मी खुर्चीच्या त्या बाजूने पाहिलं आहे. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ललिता कुमारी खटल्यात 2013 ला सांगितलं. नव्या कायद्याने एक सवलत दिली आहे. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचा गुन्हा असेल तर उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करता येते, पण ती 14 दिवसांत उरकावी लागते. “चौकशी करतो” असं उत्तर मिळालं तर विचारा, “परवानगी घेतलीत का? 14 दिवस कधी संपतात?”

चौथी, “जाऊ द्या, मिटवून घ्या, गावात राहायचंय.” मिटवायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, काउंटरने नाही. एनसीत, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्यात, मात्र काही खऱ्या मर्यादा आहेत. शिवीगाळ, साधी मारहाण हे अदखलपात्र आहे. त्याची नोंद होते, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. त्यात पोलीस टाळाटाळ करत नसतो. पण मार लागला असेल तर आधी मेडिकल यादी (दवाखान्यात तपासणीसाठी पोलिसांचं पत्र) मागा आणि सरकारी दवाखान्यात जा. हाड मोडल्याचा दाखला आला की तोच प्रकार दखलपात्र होतो.

फिर्याद टाइप झाली की वाचल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, तसं कायद्यातच आहे. चार शब्दांवर बोट ठेवा : “गहाळ”, “किरकोळ”, “अज्ञात” आणि “गैरसमजातून”. जे ओढून नेलं ते “गहाळ” नाही. आरोपी ओळखीचा असेल तर तो “अज्ञात” नाही. चूक दिसली तर दुरुस्त करून नवी प्रत काढायला लावा. कागद वाया जातो म्हणून संकोच करू नका. सही झाली की एफआयआरची प्रत फिर्यादीला तिथल्या तिथे, विनामूल्य. कागदाचं बंडल, झेरॉक्स, चहापाणी, काही नाही. प्रतीवर गुन्हा रजिस्टर नंबर आहे का पाहा. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर चढवायचे असतात. तिथेही बघून घ्या.

एवढं करूनही नाही म्हणाले तर भांडू नका. तीच हकिकत लिहून पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. कलम 173(4) मध्ये हीच वाट सांगितली आहे. आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना पाठवा. पोस्टाची पावती जपा, कारण पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम 175(3) खाली अर्ज करायचा झाला तर ती पावती आणि प्रतिज्ञापत्र लागतं. कोठडीत मारहाण, खंडणी, कायदा डावलून अटक असं गंभीर असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. पोलीस सुधारणांबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या प्रकाश सिंह निकालानंतर ते आलं. पैसे मागितले तर देण्याआधी लाचलुचपत विभागाला 1064 वर फोन करा. दिल्यानंतर सापळा लावता येत नाही.

आता उलट बाजू, तुम्हालाच ठाण्यात बोलावलं तर. फोनवर “ठाण्यात या” एवढंच सांगितलं तर नाव, हुद्दा, गुन्ह्याचा नंबर विचारा आणि लेखी नोटीस मागा. साक्षीदार म्हणून बोलवत असतील तर बायका, 15 वर्षांखालची मुलं, 60 वर्षांवरचे, अपंग आणि गंभीर आजारी यांना ठाण्यात यायची सक्ती नाही. पोलिसाने घरी येऊन विचारायचं, कलम 179. साक्षीदाराच्या जबाबावर सही घेत नाहीत. सही मागितली, आणि तीही कोऱ्या कागदावर, तर देऊ नका. संशयित म्हणून बोलवायचं तर कलम 35(3) ची नोटीस हवी. ती आली तर मात्र हजर राहाच, न जाण्याने अटकेला कारण मिळतं.

माझ्या शेजारच्या निवृत्त मास्तरांना व्हिडिओ कॉलवर गणवेशातला एक माणूस दिसला आणि “तुम्हाला डिजिटल अटक झाली” म्हणाला. दोन तास ते खुर्चीतून उठले नाहीत. चोर लुटतो तो आपल्या मनातल्या खाकीच्या भीतीवर. मोबाइलवरून अटक करायची तरतूद कुठल्याच कायद्यात नाही. फोन ठेवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

घरातलं कुणी अटकेत असेल तर कारण लेखी मागा. अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही असते. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या डी. के. बसू निकालापासून ही रीत आहे. नातेवाइकांना कळवणं, डॉक्टरी तपासणी आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणं बंधनकारक आहे. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, वकील फुकट मिळतो. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची नसते. अपवाद करायचाच झाला तर महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची असते.

पोलिसाशी बोलताना “साहेब”, “मॅडम” म्हणा आणि त्यानेही तुम्हाला अहो-जाहो म्हणावं असा आग्रह धरा. म्हाताऱ्या माणसाला “ए, इकडे ये” म्हणणारा शिपाई दिसला तर काउंटरवरच टोका, आवाज न चढवता. मी टोकलं की माझ्या हाताखालची पोरं वरमायची. पण टोकणारी मी काउंटरच्या आत होते. बाहेरून कुणी टोकलं असतं तर त्याचा उपयोग अधिक झाला असता.

गुन्हा दाखल झाला म्हणजे काम झालं असं नाही. तपासी अंमलदाराचं नाव आणि मोबाइल नंबर एफआयआरच्या प्रतीमागे लिहून ठेवा. 90 दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, कलम 193. कॅलेंडरवर ऐंशीव्या दिवशी खूण करा. त्या दिवशी सकाळी दहाच्या आत ठाण्यात जा, नंतर बंदोबस्त, कोर्ट आणि समन्स सुरू होतात आणि तपासी अंमलदार भेटत नाही. नंबर सांगा आणि विचारा, “माझ्या गुन्ह्यात काय झालं?”