तालुक्यातील ग्रंथालयांनी मिळून साहित्य महोत्सव कसा भरवावा

मराठवाड्यात ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास बोर्डाच्या परीक्षा असतात. म्हणून जानेवारीतील शनिवार-रविवार धरावा. ‘अ’ ते ‘ड’ या शासनाने ठरवलेल्या वर्गांतील ग्रंथालयांची संयुक्त समिती नेमावी, मात्र पावतीपुस्तक एकच ठेवावे, कारण वाद बहुधा तिथेच होतात.

पुण्या-मुंबईचा पाहुणा शोधण्याआधी आपली कपाटे उघडावीत. हैदराबाद मुक्तिसंग्रामावरील ग्रंथ, परिसरातील कवींचे संग्रह आणि जुनी नियतकालिके, जीर्ण पाने हाताळली जाणार नाहीत अशा बेताने, काचेखाली मांडावीत. प्रत्येकाशेजारी दाखल क्रमांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतील पुस्तकाचा क्रमांक) व ग्रंथालयाचे नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवल्यास परतीचा घोळ होत नाही.

कविसंमेलन संध्याकाळी ठेवावे, परंतु शेवटच्या एसटीची वेळ पाहूनच. सत्कार मोजकेच असावेत. सभासद नोंदणीचे टेबल मात्र प्रवेशद्वारापाशीच हवे.