डिस्पोजेबल व्हेपनंतर रिचार्जेबल घेताय? या चुका टाळा

१ जून २०२५ पासून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड अशा चारही ठिकाणी डिस्पोजेबल व्हेपची, म्हणजे लिक्विडची वाफ करणाऱ्या एकदाच वापरायच्या ई-सिगारेटची, विक्री बंद झाली. घ्यायचा, ओढायचा, संपला की फेकायचा, हा प्रकार कायद्याने संपला. बंदी विक्रीवर आणि पुरवठ्यावर आहे, फुकट वाटणंही त्यातच आलं. मात्र घरात उरलेला जुना व्हेप वापरणं हा गुन्हा नाही.

आता दुकानात त्याच रंगाचे, त्याच चवींचे, जवळपास त्याच किमतीचे व्हेप दिसतात, फक्त खाली चार्जिंगची जागा असते. लोक तेच घेतात आणि जुन्या सवयीने वापरतात. मग दोन दिवसांत जळकी चव येते, खिशात लिक्विड गळतं, कोणाचं डोकं गरगरतं, आणि काही जण वैतागून सरळ सिगारेटचं पाकीट घेतात. यातलं शेवटचं मला सगळ्यात जास्त खुपतं. व्हेपचा खरा उपयोग एकच आहे, वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्या माणसाची सिगारेट सुटणं. व्हेपिंग निर्धोक नाही, पण धूम्रपानापेक्षा त्यात धोका बराच कमी आहे, हीच एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची भूमिका आहे. जो सिगारेट ओढतच नाही, त्याने व्हेपला हात लावायचं कारण नाही. १८ वर्षांखालच्यांना व्हेप विकणं आणि त्यांच्यासाठी मोठ्यांनी विकत घेणं, दोन्ही बेकायदेशीर आहे. पुढचं सगळं सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांसाठी आहे.

चार्जिंग होतं म्हणजे कायदेशीर, असं धरून चालणं

हे पुरेसं नाही. घेण्यापूर्वी तीन गोष्टी बघा. बॅटरी पुन्हा चार्ज होते का? लिक्विड पुन्हा भरता येतं का, किंवा भरलेला नवा पॉड (लिक्विडची छोटी डबी) सुटा मिळतो का? आणि कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, तुम्हाला स्वतःला बदलता येते का, एकटी किंवा पॉडसकट? तिन्हींची उत्तरं ‘हो’ हवीत. चार्जिंग आहे पण पॉड आत पक्का बसवलेला आहे, तर तो डिस्पोजेबलच, आणि त्याची विक्री बेकायदेशीर.

सगळ्यात सोपी परीक्षा काउंटरवरच होते. ‘याचा पॉड सुटा द्या’ असं म्हणा. मांडणीत त्याच व्हेपचे पॉड टांगलेले असतील तर ठीक. ‘ते आमच्याकडे येत नाहीत, पुढच्या वेळी नवीनच घ्या’ असं उत्तर आलं, तर तिथून घेऊ नका.

जुने नियम अजून लागू आहेत. टाकीत किंवा पॉडमध्ये जास्तीत जास्त २ मिलिलिटर लिक्विड, निकोटिन असलेली बाटली जास्तीत जास्त १० मिलिलिटरची, आणि निकोटिन दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत. खोक्यावर हजारो पफ (झुरके) लिहिलेले असतील तर आत काय आहे ते उघडून बघा. २ मिलिलिटरच्या पॉडला १० मिलिलिटरचा वेगळा डबा जोडलेले मोठे संच नियमात बसतात. पण एकाच टाकीत १०-१२ मिलिलिटर भरलेलं असेल तर ते बसत नाही. निकोटिन असलेल्या प्रत्येक उत्पादनाची नोंद एमएचआरए या सरकारी संस्थेकडे झालेली असावी लागते, आणि त्यांची यादी कोणालाही ऑनलाइन बघता येते.

ब्रिटनमध्ये आपली बरीच मुलं शिकता शिकता कोपऱ्यावरच्या दुकानांत पार्टटाइम काम करतात, त्यांच्यासाठी एक सांगणं. इंग्लंडमध्ये बंदी मोडल्यास पहिला दंड २०० पौंडांचा आहे, पुढे मात्र अमर्याद दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुना माल मागच्या खोलीत पडून असेल तर ‘विकून टाक’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

निकोटिनचा हिशेब न करणं

माणसं परत सिगारेटकडे वळतात ती बहुतेक इथे. बाजारातले बहुतेक डिस्पोजेबल २० मिलिग्रॅमचे होते, आणि त्यात निकोटिन सॉल्ट असायचं. सॉल्ट घशाला मऊ लागतं, त्यामुळे २० मिलिग्रॅम असूनही ठसका लागत नाही. साधं, म्हणजे फ्रीबेस निकोटिन त्याच ताकदीचं घेतलंत तर घसा खरवडून निघतो.

आता समजा दुकानदाराने स्वस्त पडतं म्हणून मोठी शॉर्टफिल बाटली हातात ठेवली. तिच्यात ५० मिलिलिटर लिक्विड असतं, पण निकोटिन शून्य. त्यात १० मिलिलिटरची, दर मिलिलिटरला १८ मिलिग्रॅमवाली निकोटिन शॉट (निकोटिनची छोटी बाटली) मिसळायची असते. एकूण निकोटिन १८० मिलिग्रॅम, एकूण लिक्विड ६० मिलिलिटर, म्हणजे दर मिलिलिटरला फक्त ३ मिलिग्रॅम. काल २० वर असलेला माणूस आज ३ वर आला, तर संध्याकाळपर्यंत त्याला सिगारेटची तलफ येणारच. त्यात त्याच्या मनाचा कमकुवतपणा काही नाही, हिशेबच चुकलेला आहे.

उलटी चूकही होते, आणि ती जास्त त्रासाची. मोठा, धुराचे लोट काढणारा व्हेप घ्यायचा, त्यात ०.२ ओहमची (म्हणजे फार कमी विद्युतरोधाची) कॉइल, आणि भरायचं मात्र २० मिलिग्रॅमचं सॉल्ट. अशी कॉइल एका झुरक्यात कितीतरी जास्त लिक्विड उडवते. डोकं हलकं होतं, मळमळतं, छातीत धडधडतं. असं झालं तर व्हेप लगेच बाजूला ठेवा, पाणी प्या, मोकळ्या हवेत बसा. त्रास ओसरला नाही तर वैद्यकीय मदत घ्या.

डिस्पोजेबलवरून येणाऱ्याने सुरुवातीला साधा पॉड घ्यावा, ०.८ ते १.२ ओहमच्या आसपासचा, आणि त्यात १० किंवा २० मिलिग्रॅमचं सॉल्ट भरावं. झुरका सिगारेटसारखाच, आधी तोंडात आणि मग आत. बाटलीवर व्हीजी (दाट ग्लिसरीन) आणि पीजी (पातळ प्रोपिलीन ग्लायकॉल) यांचं प्रमाण छापलेलं असतं. छोट्या पॉडला ५०-५० चालतं. ७० टक्के व्हीजीचं लिक्विड इतकं दाट असतं की छोट्या कॉइलच्या कापसात ते वेळेवर पोचत नाही.

रोज २० सिगारेट ओढणाऱ्याने ‘कमी निकोटिन बरं’ म्हणून ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी सिगारेट पूर्ण सुटू द्या. निकोटिन त्यानंतर सावकाश उतरवता येतं.

कॉइल भिजू न देता ओढणं

नव्या कॉइलच्या आत तारेभोवती कोरडा कापूस असतो. तारेला पोचलेली वीज लिक्विडची वाफ करते, आणि लिक्विड नसेल तर कापूसच जाळते. ती चव एकदा आली की येतच राहते. धुऊन, पुसून काही होत नाही, कॉइल बदलावीच लागते. डिस्पोजेबलमध्ये कापूस कारखान्यातूनच भिजून यायचा, त्यामुळे ही पायरी अनेकांच्या गावीच नसते.

कॉइल सुटी असेल तर बसवण्याआधी तिच्या बाजूच्या भोकांत दिसणाऱ्या कापसावर लिक्विडचे दोन-चार थेंब सोडा. पांढरा कापूस ओला होऊन गडद दिसायला लागतो. मग पॉड भरा आणि १० मिनिटं तसाच ठेवा. कॉइल पॉडच्या आतच असेल तर नुसतं भरून थांबा. पहिले चार-सहा झुरके हलके घ्या, मध्ये थोडं अंतर ठेवा. ताकद कमीजास्त करता येत असेल तर कॉइलवर बारीक अक्षरात वॅटचा पल्ला कोरलेला असतो, त्याच्या खालच्या टोकापासून सुरुवात करा.

चांगली कॉइलही पुढे जळकी लागू शकते, आणि त्याची कारणं साधी असतात. पॉडमध्ये तळाशी थोडंसंच लिक्विड उरलं असताना ओढत राहणं. एकामागून एक झुरके घेणं. किंवा खूप गोड लिक्विड, कारण त्यातला गोडवा तारेवर काळा थर होऊन बसतो. गडद रंगाची, मिठाईच्या चवीची लिक्विडं आवडत असतील तर कॉइल लवकर बदलायची तयारी ठेवा. एरवी साधारण एक-दोन आठवडे ती टिकते.

गळणं, गुरगुरणं, लुकलुकणं

पॉड काठोकाठ भरू नका, वर हवेचा छोटा बुडबुडा राहू द्या. भरताना बाटलीचं टोक भोकात नीट आत घाला, बाटली हळू दाबा, आणि रबरी बूच घट्ट बसलंय का ते बोटाने बघा. गुरगुर आवाज येतोय, तोंडात लिक्विडचे थेंब येतायत, म्हणजे कॉइलमध्ये गरजेपेक्षा जास्त लिक्विड शिरलंय. पॉड काढा, तोंडाची बाजू टिश्यूवर धरून दोन-तीनदा झटका, खालचा ओलावा पुसा. जोरात ओढण्याची सवय असेल तर हे पुन्हा पुन्हा होईल.

दिवा लुकलुकतो आणि वाफ येत नाही? बॅटरी भरलेली असेल तर पॉड आणि बॅटरी जिथे टेकतात तिथले धातूचे ठिपके कोरड्या कापसाच्या काडीने पुसा. बहुतेक वेळा तिथे चिकट ओलावा साचलेला असतो.

बॅटरीशी हयगय

व्हेप लॅपटॉपच्या वेगवान चार्जरला लावून झोपणं सोडून द्या. माहितीपत्रकात दिलेल्या ताकदीचाच चार्जर वापरा, बहुतेक छोट्या व्हेपना ५ व्होल्ट, १ अँपिअरचा साधा चार्जर पुरतो. फुगलेला, चेपलेला, पाण्यात पडलेला व्हेप चार्ज करू नका. सुटी बॅटरी खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर ठेवणं तर फार धोक्याचं, धातू दोन्ही टोकांना टेकला की शॉर्टसर्किट होतं. तिची प्लास्टिकची डबी मिळते, ती घ्या.

लिक्विडच्या बाटल्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर, कुलपात असतील तर उत्तम. थोडं निकोटिनही लहान मुलाला घातक ठरू शकतं.

पॉड संपला की सगळंच फेकून देणं

डिस्पोजेबलवर बंदी आली ती बरीचशी कचऱ्यामुळे. मटेरियल फोकस या संस्थेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये दर आठवड्याला सुमारे ५० लाख व्हेप फेकले जात होते. प्रत्येकात लिथियमची बॅटरी. ती कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेते, आणि गाडीवरची माणसं त्यात सापडतात. आज रिचार्जेबल व्हेप एकदाच वापरून फेकणाऱ्याने नेमकं तेच चालू ठेवलंय, वर खिशालाही चाट. १० मिलिलिटरच्या एका बाटलीत २ मिलिलिटरचा पॉड पाचदा भरतो. १ ऑक्टोबर २०२६ पासून लिक्विडवर दर १० मिलिलिटरला २ पौंड २० पेन्स कर ठरला आहे, निकोटिन असो वा नसो. म्हणजे ५० मिलिलिटरच्या बाटलीवर ११ पौंड. तरीही भरून वापरणं हाच हिशेबी मार्ग राहील. निकामी झालेला व्हेप विकणाऱ्या दुकानात परत देता येतो, तो घेण्याची सोय करणं दुकानदाराला बंधनकारक आहे.

सुट्टीवर भारतात येताना व्हेप बॅगेत टाकणं

व्हेपची बॅटरी विमानात चेक-इन सामानात चालत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. भारतात तो आणताच येत नाही, हे मात्र अनेक जण विसरतात. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा, जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. अख्खा व्हेप असो की त्याचा भाग, रिचार्जेबल असो की डिस्पोजेबल, फरक पडत नाही. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद, किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘माझ्यापुरता एकच आहे’ हा मुद्दा मुंबईच्या विमानतळावर कामी येईल या भरवशावर राहू नका. वाटेत सिंगापूर असेल तर तिथे जवळ बाळगणंही गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियातल्या नातेवाइकांसाठी पार्सल पाठवायचा विचारही नको, तिथे व्हेप फक्त औषधाच्या दुकानातून मिळतात.

मग पुण्या-मुंबईतल्या तीन आठवड्यांच्या मुक्कामात काय करायचं? निघण्याआधीच ठरवा, नाहीतर गल्लीच्या टपरीवर पाय वळतील. २ मिलिग्रॅम निकोटिनचं च्युइंगम भारतात मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं. ते सारखं चघळायचं नसतं. थोडं चावून झिणझिण्या आल्या की गालाशी दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही मोफत सरकारी क्विटलाइनही आहे. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर च्युइंगम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.