एका शब्दातून अनेक शब्द: अक्षरे फिरवून शब्द शोधण्याची रीत

‘वाचक’ या शब्दाची तीन अक्षरे सुटी करून वेगळ्या क्रमाने मांडली, की ‘चकवा’ हा शब्द मिळतो. ‘मालक’मधून ‘कमाल’ निघतो, ‘पालक’मधून ‘कपाल’ निघतो आणि ‘कचरा’ उलगडून पाहिल्यास त्यात ‘चकरा’ सापडतात. सगळी अक्षरे वापरून होणाऱ्या अशा फेरमांडणीला ॲनाग्रॅम म्हणतात. काहीच अक्षरे घेऊन बनणारे लहान शब्द हा याच खेळाचा दुसरा, आणि माझ्या मते अधिक समृद्ध, भाग आहे. बहुतेक जण शब्दाकडे टक लावून बसतात आणि काही सुचण्याची वाट पाहतात. त्याऐवजी एक निश्चित रीत पाळली, तर सुचण्यावर फारसे अवलंबून राहावे लागत नाही.

सुरुवातीला एक गोष्ट ठरवावी लागते, आणि ती ठरवली नाही म्हणून अनेक डाव वादात संपतात: ‘अक्षर’ म्हणजे नेमके काय मोजायचे? रोमन लिपीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथे स्वर आणि व्यंजन ही दोन्ही सुटी चिन्हे असतात. देवनागरीत ‘मा’ हे एक अक्षर आहे, पण त्यात ‘म्’ आणि ‘आ’ असे दोन वर्ण आहेत. अक्षर अखंड ठेवायचे असा नियम घेतला, तर ‘राम’मधून फक्त ‘मरा’ मिळतो. वाल्या कोळ्याच्या कथेत ‘मरा मरा’ या जपाचा ‘राम राम’ होतो तो याच नियमाने. वर्ण सुटे करायची मुभा दिली, तर त्याच शब्दातून ‘मार’ आणि ‘रमा’ हेही निघतात, आणि ‘नवरा’ व ‘वानर’ हे शब्द एकमेकांचे ॲनाग्रॅम ठरतात, कारण दोन्हींत न्, व्, र्, दोन अ आणि एक आ एवढीच सामग्री आहे. दोन्ही नियम योग्य आहेत. मात्र नवशिक्याने अक्षर अखंड ठेवण्याचा नियमच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्यात मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर जसेच्या तसे राहते आणि उत्तर बरोबर की चूक हे कोणालाही बोटावर मोजून ठरवता येते. या नियमात ‘रं’ आणि ‘र’ ही वेगळी अक्षरे आहेत, आणि ‘नमस्कार’मधला ‘स्का’ हा एकच, न फुटणारा तुकडा आहे.

दुसरा निर्णय शब्दरूपांचा. ‘समता’ या शब्दाची अक्षरे फिरवली, तर ‘तामस’ मिळतो आणि ‘मतास’ही मिळतो. पहिला शब्द कोशात सापडेल. दुसरा ‘मत’ या शब्दाचे विभक्तिरूप आहे. ‘तारक’मधून येणारा ‘करता’ किंवा ‘कविता’मधून येणारा ‘विकता’ ही क्रियापदाची रूपे आहेत. मराठीत प्रत्यय लागून शब्दाची इतकी रूपे होतात, की ती सर्व मान्य केली तर यादी फुगते आणि शोधण्याचा आनंद कमी होतो. म्हणून कोशात स्वतंत्र नोंद असलेलीच रूपे धरावीत, अशी अट मी घालतो. एकट्याने खेळताना ती सैल केली तरी चालेल. समोर दुसरा खेळाडू असेल, तर अट आधीच बोलून घ्यावी.

आता प्रत्यक्ष शोध. ‘समाजकारण’ हा शब्द घेऊ. त्याची अक्षरे सहा: स, मा, ज, का, र, ण. ती मूळ क्रमाने एका ओळीत लिहू नयेत, कारण डोळा पुन्हा पुन्हा ‘समाजकारण’च वाचतो. ती गोलाकार लिहावीत किंवा कागदाच्या लहान चिठ्ठ्यांवर एकेक लिहून विस्कटावीत. सहा वेगवेगळ्या अक्षरांतून दोन किंवा अधिक अक्षरांच्या १,९५० मांडण्या होतात, तेव्हा सगळ्या तपासण्याचा विचार सोडून द्यावा. दोन अक्षरी मांडण्या मात्र केवळ ३० आहेत, आणि त्या एकही न वगळता तपासता येतात. एक अक्षर पहिले धरावे, उरलेली पाच त्याच्यामागे क्रमाने लावून पाहावीत आणि मग पुढच्या अक्षराकडे जावे.

‘स’पासून सर आणि सण. ‘मा’पासून मास, माज, मार आणि माका ही वनस्पती. ‘ज’पासून जमा, जर, जण. ‘का’पासून कास, काज, कार. ‘र’पासून रस, रमा, रज, रण. ‘ण’ची ओळ मी लिहितही नाही, कारण रोजच्या मराठीत ‘ण’ने शब्द सुरू होत नाही. पाच ओळींत सोळा शब्द झाले, आणि त्यांतला एकही सुचण्याची वाट पाहावी लागली नाही. जोड्या तपासताना प्रत्येक सापडलेली जोडी उलटी वाचण्याची सवय लावावी: सर आणि रस, जर आणि रज. ‘मदत’ या तीनच अक्षरांच्या शब्दात तर मद–दम आणि मत–तम अशी दोन युग्मे दडलेली आहेत.

पुढची पायरी या जोड्या वाढवण्याची. जे शब्द सापडले आहेत, त्यांच्या मागे, पुढे आणि मध्ये एकेक उरलेले अक्षर बसवून पाहावे. ‘सर’पुढे ‘ण’ ठेवला की ‘सरण’, ‘मार’पुढे ठेवला की ‘मारण’, ‘कार’पुढे ठेवला की ‘कारण’. ‘माज’आधी ‘स’ आला की ‘समाज’. मग ‘कारण’आधी ‘स’ बसवून ‘सकारण’ हा चार अक्षरी शब्द मिळतो, आणि या शब्दाच्या पोटातला तो सर्वांत मोठा शब्द असावा असे मला वाटते. ‘कार’ हा तुकडा अक्षराचे नाव सांगण्यासाठीही वापरला जातो, म्हणून ‘सकार’, ‘जकार’ आणि ‘णकार’ हेही शब्द होतात. वर ‘ण’ची ओळ गाळली होती, तिला हा एकमेव अपवाद इथेच निघाला, हे मला फार आवडले.

या टप्प्यावर एक चूक हमखास होते. डोळ्यांसमोर ‘का’ आणि ‘मा’ असतात, म्हणून ‘काका’ व ‘मामा’ यादीत जातात. पण ‘समाजकारण’मध्ये ‘का’ एकच आहे आणि ‘मा’ही एकच. तसेच ‘काम’ व ‘राज’ हे शब्दही खुणावतात. त्यांना लागणारे ‘म’ आणि ‘रा’ इथे नाहीतच. चिठ्ठ्या वापरल्या तर ही चूक होत नाही, कारण एकच चिठ्ठी दोन ठिकाणी ठेवता येत नाही.

शोध जलद करायचा असेल, तर कोणते अक्षर कोठे बसू शकते, हे भाषेच्या व्याकरणालाच विचारावे. मला या खेळात सर्वांत जास्त मदत याच गोष्टीने झाली आहे. ‘ण’ आणि ‘ळ’ ही अक्षरे मराठी शब्दाच्या आरंभी सहसा येत नाहीत, त्यामुळे ती शेवटी किंवा मध्ये ठेवूनच सुरुवात करावी. सुटा ‘अ’ असेल, तर तो बहुधा पहिला असतो, आणि तो अनेकदा नकार दाखवणारा उपसर्ग असतो. उरलेल्या अक्षरांचा शब्द आधी जुळवून मग ‘अ’ त्याच्या डोक्यावर ठेवून पाहावा. शेवटी ‘क’ असलेले तीन अक्षरी शब्द दिसले, की ‘क’ उचलून आरंभी ठेवावा: मालक–कमाल आणि पालक–कपाल या जोड्या अशाच सापडतात.

ऱ्हस्व-दीर्घाचे नियम तर चाळणीसारखे काम करतात. मराठी लेखननियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार किंवा उकार दीर्घ लिहिला जातो. ‘आणि’, ‘परंतु’, ‘तथापि’ अशी काही अव्यये याला अपवाद आहेत. म्हणजे ‘वि’, ‘रि’, ‘सु’ अशी ऱ्हस्व अक्षरे हाती असतील, तर ती शेवटी बसवून पाहण्यात वेळ घालवू नये. ‘कविता’मध्ये ‘कवि’ आहे असे पटकन वाटते, पण सुटा शब्द मराठीत ‘कवी’ असा लिहिला जातो आणि ‘वी’ हे अक्षर त्या शब्दात नाही, म्हणून तो मोजता येत नाही. याहून फसवे उदाहरण ‘गरिबी’चे आहे. अर्थाने ‘गरीब’ तिच्या मुळाशी आहे, तरी अक्षरांनी तो तिच्यात नाही: एकीकडे ‘री’ आणि ‘ब’, दुसरीकडे ‘रि’ आणि ‘बी’. ज्यांचे शुद्धलेखन पक्के असते, ते या खेळात पुढे राहतात. आणि जे हा खेळ मन लावून खेळतात, त्यांचे शुद्धलेखन सुधारते.

दोन शब्द एकमेकांचे पूर्ण ॲनाग्रॅम आहेत की नाहीत, हे तपासण्याची पद्धत सोपी आहे. दोन्ही शब्दांची अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने लिहावीत. ओळ सारखी आली, तर शब्द एकाच सामग्रीचे. ‘वाचक’ची ओळ क-च-वा आणि ‘चकवा’ची ओळही क-च-वा. कधी कधी ही ओळ लिहितानाच उत्तर समोर येते: ‘समता’ वर्णमालेच्या क्रमाने लावला की ‘तामस’ होतो, ‘मालक’ लावला की ‘कमाल’ आणि ‘पालक’ लावला की ‘कपाल’.

या क्रमवार ओळीला विज्ञानाच्या इतिहासातही जागा मिळाली आहे. इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याला स्प्रिंगविषयीचा आपला नियम लगेच उघड करायचा नव्हता, पण तो आपण आधी शोधला याची नोंद हवी होती. म्हणून १६७६मध्ये त्याने तो नियम सांगणाऱ्या लॅटिन वाक्याची चौदा अक्षरे केवळ वर्णक्रमाने छापली: एक सी, एक ई, तीन आय, एक एन, एक ओ, तीन एस, दोन टी, एक यू, एक व्ही. १६७८मध्ये त्याने मूळ वाक्य प्रसिद्ध केले, ‘उट टेन्सिओ सिक व्हिस’, म्हणजे जितका ताण तितके बल. वाक्य हाती आल्यावर अक्षरे जुळवून पाहणे कोणालाही जमते. नुसत्या ओळीवरून वाक्य ओळखणे मात्र अत्यंत अवघड, कारण अक्षर वाढते तसतशा मांडण्या झपाट्याने वाढतात. तीन वेगळ्या अक्षरांच्या ६, चारांच्या २४, पाचांच्या १२०, सहांच्या ७२० आणि सातांच्या ५,०४० पूर्ण मांडण्या होतात.

संगणकाकडून शोध करून घ्यायचा असेल, तर देवनागरीसाठी एक खबरदारी आवश्यक आहे. युनिकोडमध्ये मात्रा आणि हलन्ताचे चिन्ह हे स्वतंत्र संकेत असतात, त्यामुळे ‘नमस्कार’ आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, पण संगणकाच्या दृष्टीने तो सात संकेतांचा असतो. हे संकेत सरळ उलटे केले, तर ‘राम’चा ‘मार’ होतो, ‘मरा’ होत नाही. आणि ‘कविता’ उलटा केल्यावर तर पहिल्या जागी एकटा काना उरतो. म्हणून आज्ञावलीला आधी शब्द अक्षरांत तोडायला सांगावे, मग ती अक्षरे क्रमाने लावून शब्दकोशातील प्रत्येक शब्दाची वर सांगितलेली ओळ तयार करून ठेवावी. एकाच ओळीखाली आलेले शब्द हे ॲनाग्रॅमचे तयार गट असतात.

सरावासाठी शब्द निवडताना जोडाक्षरे कमी, आकारान्त अक्षरे एक-दोन आणि शेवटी ‘ण’, ‘र’ किंवा ‘क’ असा शब्द घ्यावा. ‘समाजकारण’नंतर ‘राजकारण’ करून पाहावा. पाच अक्षरे, वीस जोड्या. ‘स’ नसल्यामुळे ‘सकारण’, ‘सरण’ आणि ‘सण’ गेले, ‘मा’ नसल्यामुळे ‘जमा’ व ‘मार’ गेले. पण एकट्या ‘रा’मुळे ‘राज’, ‘जरा’, ‘कारा’ आणि पौर्णिमेच्या रात्रीचे नाव असलेला ‘राका’ हे चार नवे शब्द आले.