फोर-बाय-फोर गाडीचे पुढचे ब्रेक पॅड घरी कसे बदलावेत

आंबोलीचा घाट उतरताना दर वळणावर ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून पाटीवर खिळा ओढल्यासारखा कर्कश आवाज येऊ लागला, तर तो बहुधा पॅडच्या कडेला असलेल्या पत्र्याच्या छोट्या जिभेचा असतो. पॅडचे लायनिंग, म्हणजे झिजणारा थर, २ ते ३ मिलिमीटर उरले की चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासून ओरडावे, एवढ्यासाठीच ती जीभ तेथे बसवलेली असते. नव्या पॅडचे लायनिंग साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असते आणि ते ३ मिलिमीटरवर आले की पॅड बदलायचे असतात. ज्यांना पावसाळाभर घाटातून ये-जा करायची आहे, त्यांनी ४ वरच बदललेले बरे. जीभ ओरडत असतानाही गाडी तशीच चालवत राहिल्यास पुढे खरखर ऐकू येते. ती पॅडच्या मागच्या लोखंडी पत्र्याची असते आणि तोवर डिस्कही कामातून गेलेली असते.

पुढील कृती लिहिताना नजरेसमोर जुनी महिंद्रा स्कॉर्पिओ फोर-बाय-फोर आहे. शिडीच्या आकाराची चासी, पुढे डिस्क, मागे ड्रम आणि पुढच्या डिस्कवर सरकते कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारी पकड, अशी तिची रचना असते. टोयोटा प्राडोसारख्या गाडीचे पुढचे कॅलिपर मात्र पक्के बसवलेले असून त्यांना दोन्ही बाजू मिळून चार पिस्टन, म्हणजे पॅड ढकलणारे दट्टे, असतात. तेथे कॅलिपर उतरवावा लागत नाही, पॅडच्या आडव्या पिना काढल्या की पॅड ओढून काढता येतात. ज्या गाडीचा हँडब्रेक बटणावर चालतो, तिच्या मागच्या पॅडना घरी हात लावू नये, कारण ब्रेक स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये घातल्याशिवाय पिस्टन मागे ढकलला तर आतली मोटर बिघडू शकते.

सामान फार लागत नाही. पुढच्या दोन्ही चाकांसाठी पॅडचा पूर्ण संच क्लिपांसह घ्यावा, कारण एकाच चाकाचे पॅड बदलले तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. चाकाचा पाना, जॅक, दोन टनांहून जड गाडीला पेलणारे जॅक-स्टँड, गॅरेजमध्ये ज्यांना गोट्या म्हणतात ते सॉकेट, सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनरचा डबा, जाड तार, मास्क आणि ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस एवढे हाताशी असावे. बेअरिंगला लावतात ते पिवळे ग्रीस येथे चालत नाही, त्याने कॅलिपरचे रबर फुगते. टॉर्क पाना मिळाला तर उत्तम, कारण कॅलिपरचे बोल्ट आणि चाकाचे नट किती आवळायचे याचे आकडे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असतात आणि अंगातल्या जोराचा अंदाज दर माणसाला वेगळा असतो.

गाडी उभी करणे

या कामात माणसे जखमी होतात ती बहुतेक गाडी उचलताना, म्हणून येथे घाई करू नये. जागा सपाट आणि टणक हवी. मातीच्या अंगणात जॅक हळूहळू रुततो, त्यामुळे त्याच्याखाली जाड लाकडी फळी ठेवावी. कोकणात अंगणात चिरा हाताशी पडलेला असतो आणि तो टेकू म्हणून सरकवण्याचा मोह होतो, परंतु जांभा दगड सांगून फुटत नाही, एकदम फुटतो. वीट आणि सिमेंटच्या ब्लॉकलाही हेच लागू आहे. उचललेल्या गाडीखाली फक्त जॅक-स्टँड असावा, आणि काढलेले चाक जवळच चासीखाली आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे दुर्दैवाने काही घसरलेच तर गाडी चाकावर टेकते.

हँडब्रेक ओढावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. फोर-बाय-फोर गाडीत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. ज्या गाडीच्या ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीला, न्यूट्रल असते, तिचा दांडा चुकून तेथे राहिला तर मुख्य गिअर पहिल्यात असो की ऑटोमॅटिक गाडी पार्कमध्ये असो, चाके मोकळीच राहतात. पुढच्या पॅडचे काम करताना निवड टू-हायवर, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना जाईल अशी, ठेवावी. त्यामुळे गिअर मागच्या चाकांना धरून ठेवतो आणि पुढची डिस्क हाताने फिरवून पाहता येते. मागची बाजू उचलायची वेळ आली तर मात्र हे गणित उलटते, कारण एक मागचे चाक हवेत गेले की दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमुळे जमिनीवरच्या चाकाला गिअर रोखू शकत नाही.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावा. चासीला जॅक लावला तर सस्पेन्शन खाली लोंबते आणि चाक सुटायला अपेक्षेपेक्षा बरीच जास्त उंची लागते, हे आधी ठाऊक असावे. दोन्ही चाके एकाच वेळी उघडू नयेत. एक बाजू पूर्ण करून मगच दुसरीकडे वळावे, म्हणजे क्लिप कोणत्या दिशेने होती असा प्रश्न पडला की उत्तर दुसऱ्या चाकात पाहता येते.

कॅलिपर उघडणे

पहिल्यांदा हे काम केले तेव्हा बॉनेटखालची ब्रेक ऑइलची टाकी बघायचे सुचले नव्हते. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतली पातळी खाली जाते. आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये कोणीतरी ती काठोकाठ भरून दिली होती. पिस्टन मागे ढकलताच ऑइल झाकणातून वाहून फेंडरवर उतरले आणि पुसायला धावेपर्यंत हाताच्या पंज्याएवढा रंग सुरकुतला होता. ब्रेक ऑइल रंग खाते. म्हणून आधी टाकीचे झाकण उघडून पातळी पाहावी, ती वर असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडे ऑइल काढून घ्यावे आणि भोवती जाड फडके अंथरावे. अंगावर किंवा रंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवावा.

चाक निघाल्यावर सगळीकडे काळी भुकटी दिसेल. ती फुंकू नये आणि हवेच्या पाइपने तर मुळीच उडवू नये. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून मास्क लावून ब्रेक क्लीनर फवारावा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. त्यानंतर कॅलिपरच्या मागचे दोन बोल्ट सोडवावेत. बऱ्याच गाड्यांत खालचा एकच बोल्ट काढून कॅलिपर वरच्या पिनेवर झाकणासारखा उचलता येतो. पूर्ण काढल्यास तो तारेने स्प्रिंगला किंवा चासीला टांगून ठेवावा. रबरी होजवर लोंबकळू दिला तर होज बाहेरून धड दिसते आणि आतून फाटते.

जुने पॅड काय सांगतात

जुने पॅड काढून लगेच फेकू नयेत. पॅड बदलणे अर्ध्या तासाचे काम आहे, परंतु ते ज्या कारणाने झिजले ते तसेच राहिले तर नवेही त्याच वाटेने जातात, आणि हे कारण जुन्या पॅडवर लिहिलेले असते. चारही पॅड निघतील तसे, ज्या जागी होते त्या क्रमाने, जमिनीवर मांडावेत. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक असेल, तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्या आहेत असे समजावे. ओढ्या-नाल्यांतून जाणाऱ्या गाड्यांत हा दोष फार आढळतो, कारण पिनेवरच्या रबरी टोपणाला बारीकशी चीर पडली तरी तांबडा गाळ आत शिरून वाळतो. पॅड पाचरीसारखा एका टोकाला पातळ असेल, तर एकच पिन अडकलेली असते किंवा पॅडचे कान, म्हणजे त्याच्या टोकांचे उंचवटे, गंजलेल्या खाचेत फसलेले असतात. एका चाकाचे दोन्ही पॅड दुसऱ्या चाकाच्या मानाने खूपच झिजले असतील, तर त्या बाजूचा पिस्टन परत फिरत नाही किंवा होज आतून फुगली आहे, आणि हे काम गॅरेजचे आहे.

लायनिंग काचेसारखे चकाकत असेल, त्याला बारीक भेगा असतील आणि डिस्कवर निळे डाग दिसत असतील, तर दोष गाडीचा नसून उतारावरच्या पायाचा असतो. ब्रेकवर सतत पाय ठेवून घाट उतरला की पॅड भाजतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरात इंजिनाला गाडी धरू द्यावी. कच्च्या, निसरड्या उतारावर फोर-लो, म्हणजे चारही चाके संथ गिअरात चालवणारी निवड, याहून चांगले काम देते, मात्र कोरड्या डांबरावर ते लावू नये, कारण पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाके जोडणाऱ्या, व्यवस्थेत पुढची आणि मागची चाके एकमेकांशी झगडतात आणि सांधे ताणले जातात.

डिस्कवरूनही नख फिरवावे. नख अडकेल एवढी खोल चरी असेल, किंवा जाडी डिस्कवर कोरलेल्या किमान आकड्याच्या खाली गेली असेल, तर डिस्क बदलावी लागते. कडेला उभी राहिलेली धार आकडा चुकवते, म्हणून व्हर्नियर तिला टाळून लावावा.

नवे पॅड बसवणे

पिना ओढून काढून स्वच्छ कराव्यात, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि बोटाने ढकलल्यावर त्या मऊ सरकतात याची खात्री करावी. वरची आणि खालची पिन पुष्कळदा सारखी नसते, तेव्हा अदलाबदल होऊ देऊ नये. पॅडचे कान जेथे बसतात त्या खाचा तारेच्या ब्रशने चकचकीत कराव्यात आणि नव्या क्लिपा लावाव्यात.

मग टाकीवर लक्ष ठेवत पिस्टन मागे ढकलावा. जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून त्यावर सी-क्लॅम्प हळूहळू आवळला की तो सरळ आत जातो. जड गाड्यांच्या कॅलिपरला बहुधा शेजारी-शेजारी दोन पिस्टन असतात, आणि एक दाबला की दुसरा बाहेर येऊ पाहतो, म्हणून दोघांवर मिळून पॅड किंवा सपाट पट्टी ठेवूनच दाबावे. पिस्टनच्या कडेने ऑइल पाझरताना दिसले किंवा त्याचे रबर फाटलेले आढळले, तर काम तेथेच थांबवून गॅरेजवाल्याला घरी बोलवावे.

जीभ असलेला पॅड जुना ज्या जागी होता तेथेच, सहसा आतल्या बाजूला, बसतो, आणि पाठीवर बाण असेल तर तो गाडी पुढे जाताना डिस्क ज्या दिशेने फिरते तिकडे ठेवावा. ग्रीस फक्त पॅडच्या पाठीवर आणि कानांवर, तेही नावापुरते लावावे. लायनिंगला ग्रीसचा हात लागला तर तो पॅड बाजूला ठेवावा, पुसून भागत नाही. बोल्ट पुस्तिकेतल्या आकड्यानुसार आवळावेत, होजला पीळ पडलेला नाही हे पाहावे, चाक चढवावे आणि नट समोरासमोरच्या क्रमाने, शेवटचा जोर गाडी जमिनीवर उतरवल्यानंतर, आवळावेत.

दोन्ही चाके झाल्यावर इंजिन सुरू करण्यापूर्वी ब्रेकचे पेडल सावकाश दाबत राहावे. पहिले पाच-दहा वेळा ते तळाला जाते, कारण पिस्टन अजून मागे आहेत. हे विसरून गाडी गिअरमध्ये टाकणाऱ्याला पहिला ब्रेक फाटकापाशी लागतच नाही. पेडल टणक झाल्यावर टाकीतली पातळी दोन रेषांच्या आत आणावी, झाकणावर जे डॉट, म्हणजे ब्रेक ऑइलची जात, लिहिलेले असेल तेच ऑइल घालावे, आणि तेही नव्या, बंद डब्यातले. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे डॉट ४ जातीच्या कोरड्या ऑइलचा किमान २३० अंश सेल्सिअसचा उत्कलनबिंदू ओलाव्याने १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि लांब उतारावर पेडल मऊ पडते ते यामुळेच.

नवे पॅड डिस्कला बसवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ५० ते ६० च्या वेगावरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम जोराने वेग कमी करावा आणि प्रत्येक वेळेनंतर थोडे अंतर ब्रेकविना जाऊ द्यावे. पहिले २००-३०० किलोमीटर घाट टाळावा. सुमारे १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा तपासावेत आणि गाडी थांबवून दोन्ही चाकांजवळ हात नेऊन पाहावा. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे तापलेली असेल तर त्या बाजूची पिन परत उघडावी लागेल. जुन्या पॅडच्या पाठीवर तारीख, किलोमीटर आणि चाकाची बाजू लिहून ते डिकीतल्या डब्यात ठेवावेत, पुढच्या वेळी शेजारी ठेवून ताडायला उपयोगी पडतात.