काळी पाचमध्ये ‘सर ड्यूक’ बसवताना

कोल्हापुरातल्या वरातीच्या बँडने अमेरिकन गायक स्टीव्ही वंडरचे ‘सर ड्यूक’ हे गाणे बसवायला घेतले, तर सर्वांत आधी पट्टी ठरवावी. 1976 च्या ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’ या अल्बममधले हे गाणे मुळात पांढरी सातमध्ये (हार्मोनियमच्या सप्तकातली सातवी पांढरी पट्टी, पाश्चात्त्य नावाने ‘बी’) आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या ट्रम्पेटवर या पट्टीतला खालचा सा काढायला तिन्ही वाल्व्ह (बोटांनी दाबायच्या कळा) दाबावे लागतात, आणि एवढे करूनही तो सूर चढाच लागतो. अर्धा सूर उतरून काळी पाच (पाचवी काळी पट्टी, ‘बी फ्लॅट’) धरली की तोच सा एकही वाल्व्ह न दाबता निघतो. क्लॅरिनेट आणि टेनर सॅक्सोफोन यांनाही ही पट्टी सोयीची पडते. मूळ पट्टीचा हट्ट स्टुडिओत बसून वाजवणाऱ्यांनी खुशाल करावा. वरातीत दोन तास ओठ टिकवायचे असतात.

मूळ ध्वनिमुद्रणात दोन ट्रम्पेट, एक आल्टो आणि एक टेनर सॅक्सोफोन एवढीच फुंकून वाजवायची वाद्ये आहेत, तरी ती चारापेक्षा कितीतरी जास्त वाटतात. ध्रुवपदानंतर येणारी लांबलचक सुरावट ही वाद्ये, गिटार आणि नेथन वॉट्स यांची बेस गिटार असे सारे मिळून एकसुरात वाजवतात, त्या वेळी खाली दुसरे स्वर भरलेले नसतात, हे त्याचे कारण आहे. म्हणून युफोनियम हे खर्जातले पितळी वाद्य वाजवणाऱ्याला तिथे नेहमीचे ‘भुप-भुप’ देऊ नये; त्यानेही तीच ओळ वाजवावी. सुरावट मुख्यतः भूप रागाच्या पाच स्वरांत फिरते आणि मधूनच कोमल गांधाराला ओझरती शिवून जाते. हा कोमल गांधार एकाने जरी लांबवला, तरी सगळी ओळ बिघडते.

सुरावट वाद्यावर घेण्यापूर्वी सर्वांकडून सरगमने म्हणवून घ्यावी. त्यानंतर चार-चार मात्रांचे तुकडे करून, मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत, आधी सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट, मग ट्रम्पेट असे जोडत जावे. श्वास कुठे घ्यायचा हे मास्तरांनी कागदावर खुणेने लिहून द्यावे, कारण प्रत्येकाने सोयीप्रमाणे श्वास घेतला की एकसूर तिथेच फाटतो. मूळ लय मिनिटाला शंभर मात्रांच्या किंचित वर आहे. तिथे पोचायची घाई नको.

1974 साली निवर्तलेले अमेरिकन जॅझ संगीतकार आणि वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टन यांना हे गाणे म्हणजे मानवंदना आहे. एलिंग्टन 1963 मध्ये आपला वाद्यवृंद घेऊन भारतातही येऊन गेले होते. गाण्यात काउंट बेसी, ग्लेन मिलर, लुई आर्मस्ट्राँग आणि एला फिट्झजेराल्ड या जॅझ कलाकारांचेही स्मरण आहे. 1977 मध्ये हे गाणे अमेरिकेच्या लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. बँडमध्ये गायक नसेल, तर यांतले एकही नाव ऐकणाऱ्याच्या कानी पडत नाही आणि ती मानवंदना पितळेलाच द्यावी लागते. त्यासाठी महाद्वार रोडवर चालता चालता ध्रुवपद वाजवावे, मात्र एकसुराची जागा आली की पथकाने थांबून अर्धवर्तुळ करावे आणि ताशावाल्याला तेवढ्या वेळापुरते हात आवरायला सांगावे.