जोंगाला दुसरं इंजिन घालताना

माझी जोंगा, म्हणजे लष्करासाठी बनवलेली दणकट जीप, लष्कराच्या लिलावातली. जबलपूरची बांधणी, 3956 सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. आवाज राजेशाही, पण वाळपईहून चोर्ला घाट चढून आलं की खिसा रिकामा. म्हणून डिझेल इंजिन घालायचं ठरवलं.

इंजिन बघायला जाताना हॉर्सपॉवर विचारत बसू नका, मेजपट्टी न्या. आधी ऑइल सम्प, म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी: खड्ड्यात चाकं जोडणारा पुढचा अ‍ॅक्सल वर उसळला की तो सम्पाला लागता कामा नये. माझा लागला; वेल्डिंगवाल्याकडे दोन फेऱ्या झाल्या. मग बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं क्लचचं कवच. मी टाटा 407 चं चार सिलिंडरचं इंजिन घेतलं, कारण सुटे भाग फोंड्यातच मिळतात. पण गिअरबॉक्सशी जोडणारी प्लेट लेथवर अचूक करून घ्या. केंद्र केसभर सरकलं तरी क्लच आणि बेअरिंग दोन्हींचं वाटोळं.

डिझेल कमी आरपीएमवर जोर देतं, त्यामुळे वरचा वेग घटतो. मला चालतं, जंगलातच फिरतो. ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर (हवेच्या ओढीने ब्रेक हलका करणारा) असेल तर वेगळा व्हॅक्यूम पंप हवाच. डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळीत) पेट्रोलसारखी ओढ नसते.

आणि हो, पैसे मोजण्याआधी आरटीओची परवानगी. आरसीवर इंजिन नंबर आणि इंधन दोन्ही बदलावं लागतं. इंजिनाची पावती नसेल तर कितीही स्वस्त असो, भंगारवाल्याकडेच राहू दे.